सकाळी टकटक, गॅरेजमध्ये चिडीचूप

वाचकाचं पत्र, थोडक्यात :

माझी गाडी १६ वर्षांची, पेट्रोलवरची, १,४०,००० किलोमीटर झालेली. गेले चार महिने सकाळी सुरू केली की बोनेटखालून टकटक ऐकू येते. रेस वाढवली की टकटकही वाढते. दहा-बारा मिनिटांत थांबते. गॅरेज घरापासून वीस मिनिटांवर. तिथे पोचेपर्यंत गाडी चिडीचूप. पहिल्या मेकॅनिकनं टॅपेट सेट करून दिले. दोन दिवस बरं वाटलं, मग पुन्हा तेच. दुसऱ्यानं मोबाइलवरचं रेकॉर्डिंग ऐकलं आणि म्हणाला, इंजिनचं काम निघणार, उघडल्याशिवाय सांगता येणार नाही. दोघांपैकी कोण फसवतंय कळत नाही. मिस्टर म्हणतात, जुनी गाडी आवाज करणारच, तुझे कान वाजतात. धाकटे दीर म्हणतात, जाड ऑइल भरा आणि विकून टाका. गिऱ्हाईक यायच्या आधी एक फेरी मारून आणली की कुणाला कळायचं नाही. मला गाडी विकायची नाही, पण रोज एकटीनं तीस किलोमीटर जायचं असतं आणि ती मधेच बसेल अशी धास्ती वाटते. हल्ली तर तिच्यातून सगळेच आवाज ऐकू यायला लागलेत. इंजिन उघडू की गाडी विकू?

उत्तर :

तुमचं मूळ पत्र याच्या तिप्पट मोठं आहे. त्यात आवाजाचं वर्णन दीड पान, कोण काय म्हणालं याचं एक पान, आणि ‘दहा-बारा मिनिटांत थांबते’ हे मात्र अर्ध्या ओळीत, जाता जाता. मला विचाराल तर तुमच्या पत्रातली सगळ्यात मोलाची ओळ तीच.

उघडू की विकू, असं तुम्ही विचारता. त्या दोन्हींच्या आधी एक पायरी आहे आणि ती अजून कुणी चढलेलंच नाही. गाडी थंड असताना, आवाज चालू असताना, जाणत्या माणसानं तिच्यापाशी उभं राहून ऐकणं हे चार महिन्यांत एकदाही झालेलं नाही. पहिल्या मेकॅनिकनं तुमचा शब्द ऐकला, दुसऱ्यानं तुमचा मोबाइल. त्यामुळे कोण फसवतंय या प्रश्नावर माझं उत्तर असं, की बहुधा कुणीच नाही. दोघंही अंदाज बांधतायत. ‘टकटक’ म्हटलं की शंभरातले बरेच मेकॅनिक टॅपेटकडेच (इंजिनाच्या झडपा ढकलणारे छोटे भाग) वळतील, त्यात त्यांचं फारसं चुकत नाही. दोन दिवस बरं वाटलं म्हणता, तर त्या दोन दिवसांत सकाळी थंड गाडी तुम्हीच सुरू केली होती का, हे जरा आठवून बघा. पैसे मोजून आल्यावर दोन दिवस सगळ्याच गाड्या बऱ्या वाटतात.

आता तुमच्या शब्दाकडे. आपल्या भाषेत आवाजांची चंगळ आहे आणि गॅरेजमध्ये तिचा उपयोग आपण फार कमी करतो. ‘काहीतरी आवाज येतोय’ असं सांगून गाडी सोडून येतो. बेल्ट घसरला तर तो किंचाळतो, पुलीच्या रेषेत नसला तर चिमणीसारखा चिवचिवतो. बेअरिंग गेलं की घरघर लागते. सायलेन्सरच्या वाटेवरच्या, धूर शुद्ध करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरचं आतलं जाळं फुटलं की ते खुळखुळतं. उष्णता अडवणारा पत्रा सैल झाला की खडखडतो, तोही ठरावीक रेसवरच. रबरी नळीला चीर गेली आणि हवा आत ओढली जाऊ लागली की सूंऽऽ असा बारीक आवाज. आणि टक आणि ठक. लिहिताना एका ‘ह’चा फरक, पण इंजिनात तो वरच्या मजल्याचा आणि तळघराचा फरक असतो. वर हलके भाग असतात, म्हणजे व्हॉल्व्ह (हवा आणि धूर आत-बाहेर सोडणाऱ्या झडपा), टॅपेट, पेट्रोल फवारणारे इंजेक्टर, ते टकटकतात. (इंजेक्टरची बारीक टिकटिक तर चांगल्या गाडीतही असते, तिला घाबरायचं काही नाही.) खाली इंजिनाचा मुख्य फिरता दांडा, म्हणजे क्रँकशाफ्ट, आणि त्याला पिस्टनशी जोडणारे कनेक्टिंग रॉड. तिथलं बेअरिंग झिजलं तर आवाज जड येतो, ठक ठक, दाराच्या पलीकडून कुणी मूठ आपटावी तसा. तुम्ही अख्ख्या पत्रात एकदाही ‘ठक’ लिहिलेलं नाही. तुमच्या कानावर माझा भरवसा आहे.

मोबाइलवर मात्र नाही. मोबाइलचा एवढासा स्पीकर खालचे जड आवाज वाजवूच शकत नाही, त्यामुळे त्यावर ठक सुद्धा टक ऐकू येतो. तेव्हा त्या रेकॉर्डिंगवरून इंजिन उघडायचा निर्णय घेऊ नका, आणि घाबरायचं नाही असाही घेऊ नका. रेकॉर्डिंगचा खरा उपयोग वेगळा आहे, त्याकडे पुढे येते.

आवाज कसा आहे, यापेक्षा तो केव्हा येतो आणि केव्हा जातो, हे अधिक बोलकं असतं. आवाजाचं वर्णन माणसागणिक बदलतं, वेळ बदलत नाही. आणि वेळ नोंदवायला मेकॅनिक असावं लागत नाही. त्यासाठी रोज गाडी चालवणाराच लागतो. म्हणून एक वही करा. आठवडाभर पुरे.

त्यात काय लिहायचं? गाडी किती तास उभी होती. सुरू केल्यावर आवाज लगेच आला की थोड्या वेळानं. किती मिनिटांनी गेला आणि तेव्हा तापमानाचा काटा कुठे होता. गाडी जागेवर उभी ठेवून रेस दिली तर आवाज वाढतो का. वाढत असेल तर तो इंजिनाशी बांधलेला आहे. तो गाडीच्या वेगाशी बांधलेला असेल, म्हणजे उतारावर न्यूट्रलमध्ये (इंजिन चालू ठेवून, मोकळ्या रस्त्यावर, काही क्षणच) रेस खाली आली तरी आवाज वेगाबरोबर तसाच राहत असेल, तर बोनेट उघडून उपयोग नाही. चाकाचं बेअरिंग किंवा टायर बघायचं. क्लच पूर्ण दाबल्यावर आवाज सुरू होतो का? मग क्लचचं रिलीज बेअरिंग. उलट, न्यूट्रलमध्ये येतो आणि क्लच दाबल्यावर जातो? मग गिअरबॉक्समधलं बेअरिंग. एसी लावल्यावर, स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर काही बदलतं का तेही लिहा. चढावर, इंजिनावर भार आला की गोट्या खुळखुळल्यासारखा आवाज येत असेल तर ते नॉकिंग, म्हणजे पेट्रोल अवेळी पेट घेतंय. त्याचा तपास इंधन, प्रज्वलनाची वेळ, सिलिंडरमध्ये साचलेला कार्बन आणि इंजिनचं तापमान या वाटांनी करायचा. तुमच्या गाडीला हे सगळे प्रश्न लागू नाहीत. पण ज्यांच्या गाड्या दुसरंच काही बोलतात अशी पत्रं माझ्याकडे बरीच पडून आहेत, त्यांना एकदाच उत्तर दिलं.

तुमच्याबाबतीत उत्तर थंड-गरममध्ये आहे. धातू तापला की फुगतो, पण सगळे सारखे फुगत नाहीत. पिस्टन बहुतेक ॲल्युमिनियमचे असतात. ज्या इंजिनात सिलिंडर ओतीव लोखंडाचा आहे तिथे तेवढ्याच तापमानवाढीला ॲल्युमिनियम लोखंडाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतं. म्हणून थंड इंजिनात पिस्टनभोवती मोकळी जागा जास्त असते. झिजलेल्या इंजिनात ती आणखी जास्त. मग पिस्टन वर-खाली होताना कडेला आपटतो. आवाज पोकळ येतो, रिकामा डबा बोटानं वाजवल्यासारखा. पिस्टन तापून फुगला की जागा भरते आणि आवाज विरतो. याला पिस्टन स्लॅप म्हणतात. ऐकायला वाईट, पण ऑइलचा खप वाढलेला नसेल आणि कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब) ठीक असेल तर अशा गाड्या पुढे हजारो किलोमीटर चालतात.

दुसरा संशयित मला अधिक जवळचा वाटतो. इंजिनातून बाहेर पडणारा धूर ज्या लोखंडी हातातून जातो त्याला एक्झॉस्ट मॅनिफोल्ड म्हणतात. इंजिन आणि मॅनिफोल्ड यांच्यामध्ये सांधा घट्ट बंद करणारं गॅस्केट असतं, आणि सगळं काही बोल्टांनी आवळलेलं. इतक्या वर्षांत हजारो वेळा तापून-थंडावून एखादा बोल्ट तुटतो, गॅस्केट जळतं किंवा मॅनिफोल्डलाच बारीक चीर जाते. मग सिलिंडरमधून धूर सुटला की त्या फटीतून एक फुत्कार बाहेर पडतो, आणि रेस वाढली की त्या फुत्कारांची टकटक होते. ती टॅपेटसारखीच ऐकू येते, भलेभले फसतात. काही मिनिटांनी मॅनिफोल्ड तापतो, फुगतो, फट स्वतःहून मिटते आणि गाडी गॅरेजच्या दारात शहाण्या मुलासारखी उभी राहते. तुमच्या वर्णनाशी हे तंतोतंत जुळतं. तेवढ्यावर निदान पक्कं होत नाही हेही खरं, पण तपास इथून सुरू करावा असं माझं मत आहे, कारण इथे काही उघडावं लागत नाही.

टॅपेटचं काय? सेट करता आले त्या अर्थी तुमच्या गाडीचे टॅपेट हायड्रॉलिक नसावेत. हायड्रॉलिक टॅपेट रात्रभरात ऑइल खाली उतरल्यामुळे सकाळी काही सेकंद वाजतात आणि ऑइलचा दाब आला की गप्प होतात. टायमिंग चेन (क्रँकवरून झडपांचा दांडा फिरवणारी साखळी) ताणून धरणाऱ्या टेन्शनरचंही बऱ्याच गाड्यांत तसंच. पहिल्या दोन-चार सेकंदांची खडखड. दोन्हींत हिशोब सेकंदांचा. तुमचा मिनिटांचा आहे, म्हणजे ऑइल वर पोचण्याचा नव्हे, धातू तापण्याचा. मापाप्रमाणे सेट करूनही आवाज जसाच्या तसा असेल तर टॅपेटचं नाव यादीत बरंच खाली जातं.

आणि ज्याची सगळ्यात भीती, ते तळघरातलं बेअरिंग? त्याचा स्वभाव साधारण उलटा. इंजिन तापलं की ऑइल पातळ होतं, मधला थर विरळ होतो आणि ठकठक वाढते; भार दिल्यावर आणखी. तुमची गाडी तापल्यावर गप्प होते. ‘इंजिनचं काम निघणार’ हे वाक्य म्हणूनच मला घाईचं वाटतं. शिवाय खरोखर ठकठक येत असली तरी लगेच इंजिन उघडायचं नसतं. क्रँकची पुढची पुली सैल झाली, किंवा तिच्यातलं रबर सुटलं, तरी अगदी तसाच आवाज येतो. ज्यांना कुणी इंजिन उतरवायला सांगितलं असेल त्यांनी आधी ती पुली तपासून घ्यावी.

आता सुट्टीच्या दिवशी सकाळी करण्याचं काम. गाडी उघड्यावर आणा. बंद जागेत इंजिन चालवायचं नाही, एक्झॉस्टमधल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. सुरू करण्यापूर्वी, सपाट जागेवर, डिपस्टिक (ऑइल मोजायची पट्टी) काढून पुसा, परत घाला, काढा आणि ऑइल बघा. हे पहिलं. चार महिन्यांत कुणीच डिपस्टिक पाहिली नसेल तर मला आश्चर्य वाटणार नाही. वरच्या आणि खालच्या खुणेत बऱ्याच गाड्यांत साधारण लिटरभराचा फरक असतो. पातळी खालच्या खुणेच्याही खाली असेल तर बाकी सगळं बाजूला ठेवून आधी ऑइल पुरतं करा आणि मगच पुढचं.

मग हँडब्रेक, गिअर न्यूट्रल, आणि ओढणी, मोकळे केस, सैल बाह्या यांचा बंदोबस्त. रेडिएटरचा पंखा कधीही फिरू लागतो, काही गाड्यांत इंजिन बंद असतानाही. चालवायला दुसऱ्या कुणाला तरी बसवा. मिस्टरांना बसवलंत तर आणखी चांगलं, निदान कान कुणाचे वाजतात ते कळेल. सुरू केल्यावर पहिल्या मिनिटात, मॅनिफोल्ड हाताला भाजण्याइतका तापण्याआधी, त्याच्या सांध्यांजवळून तळहात फिरवा. टेकवू नका, चार बोटांचं अंतर ठेवा. कुठे फुसफुस लागते का? पाणी द्यायच्या रबरी नळीचा हातभर तुकडा एका टोकाला कानाशी धरून दुसरं टोक सांध्यासांध्यावरून फिरवलं तर फुत्काराची जागा आणखी नेमकी सापडते. नंतर गाडी बंद करून, थंड झाल्यावर, टॉर्च मारून बघा. मॅनिफोल्डच्या कडेला काजळीचा काळा ओघळ दिसला तर तुमचं निम्मं काम झालं. काही गाड्यांत मॅनिफोल्डवर पत्र्याचं झाकण असतं, किंवा तो इंजिनाच्या मागच्या बाजूला, हात न पोचणाऱ्या ठिकाणी असतो. तिथे जबरदस्ती करू नका, ते गॅरेजवर सोडा.

इंजिनाच्या आतला आवाज ऐकायला मात्र नळी चालत नाही, लाकडाची काठी किंवा लांब स्क्रूड्रायव्हर लागतो. एक टोक इंजिनाच्या न हलणाऱ्या भागावर, दुसऱ्या टोकाशी मूठ आणि मुठीवर कान. फिरत्या बेल्टपासून लांब. पण या काठीनं दाखवलेली जागा ब्रह्मवाक्य समजू नका. आवाज धातूतून धावतो. जन्मतो एकीकडे आणि घुमतो दुसरीकडे. मी स्वतः यात दीड महिना घालवलाय. माझ्या जुन्या गाडीत २,००० आरपीएमच्या (मिनिटाला फेऱ्यांच्या) आसपास, नेमका तेवढ्यातच, खडखडाट व्हायचा. काठी लावली की सगळ्यात मोठा आवाज टायमिंग चेनच्या कव्हरवर. चेनच गेली असं मी गृहीत धरलं, चेन बदलायची तयारीही केली. शेवटी एका म्हाताऱ्या मिस्त्रींनी हातमोजा घातला, रेस २,०००वर धरायला सांगितली आणि एकेक नळी, एकेक पत्रा नुसता दाबून धरत गेले. डिपस्टिकची नळी धरली आणि खडखड थांबली. तिला इंजिनाशी धरणारा एक बोल्ट कधीतरी पडून गेला होता. धरून बघणं हीसुद्धा तपासणीच, आणि सगळ्यात स्वस्त.

रेकॉर्डिंगचं राहिलं. थंड गाडी सुरू केल्याबरोबर मीटरवरचा आरपीएमचा आकडा मोठ्यानं बोला आणि वीस सेकंद आवाज नोंदवा. नंतर ते पाव वेगानं वाजवून दहा सेकंदांत किती टक येतात ते मोजा. थंड इंजिन मुद्दाम जरा जास्त फेऱ्यांवर चालतं. समजा १,२०० आरपीएम. म्हणजे क्रँक सेकंदाला २० फेऱ्या घेतो आणि व्हॉल्व्ह उघडणारा कॅमशाफ्ट त्याच्या निम्म्या, १०. पाव वेगाला दहा सेकंदांत क्रँकचे ५० टक व्हायला हवेत, कॅमचे २५. एकाच ठिकाणचा आवाज असेल आणि मोजणी २५च्या जवळ आली, तर दोन फेऱ्यांत एकदा घडणारी गोष्ट आहे, म्हणजे एखादा टॅपेट, एका सिलिंडरचा फुत्कार किंवा एका पिस्टनची ती कडेची थाप. ५०च्या जवळ आली तर बोट खालच्या मजल्याकडे जातं. याला पुरावा म्हणत नाहीत, इशारा म्हणतात. पण तुम्ही हा आकडा घेऊन गॅरेजमध्ये गेलात की समोरच्या माणसाचं तुमच्याशी बोलणं बदलतं, हा माझा अनुभव.

दीरांच्या जाड ऑइलबद्दल स्पष्टच सांगते, भरू नका. जाड ऑइल आवाज थोडा दाबतं हे खरं. पण सकाळी थंड इंजिनात ते वर पोचायला जास्त वेळ घेतं, आणि झीज नेमकी त्याच क्षणांत व्हायची असते. गाडीच्या पुस्तकात ५डब्ल्यू-३० असं काही लिहिलेलं असेल, तर त्यातला पहिला आकडा थंडीत ऑइल किती सहज वाहतं ते सांगतो. जितका लहान तितकं सहज. दुसरा आकडा तापल्यावरच्या जाडीचा. पुस्तकात दिलेल्याच प्रतीचं भरा. आणि मॅनिफोल्डची फट असेल तर जगातलं कुठलंही ऑइल तिला बुजवणार नाही.

फटच निघाली तर ‘चला, इंजिन वाचलं’ म्हणून सोडून मात्र देऊ नका. फटीतून निघालेला धूर पंख्यावाटे गाडीत येऊ शकतो. सकाळच्या प्रवासात डोकं जड होतं का, हे वहीत लिहा. तोवर काचा थोड्या उघड्या ठेवा आणि पंख्यावाटे आत येणारी बाहेरची हवा बंद ठेवा. शिवाय फटीतून बाहेरची हवाही आत ओढली जाते, धुरातला ऑक्सिजन मोजणाऱ्या सेन्सरला वाटतं मिश्रणात पेट्रोल कमी आहे, आणि गाडी विनाकारण जास्त पेट्रोल पिते. मायलेज उतरलंय का? पत्रात तुम्ही लिहिलेलं नाही.

मधेच बसेल ही तुमची धास्ती मी हसण्यावारी नेत नाही. ऑइलच्या दाबाचा लाल दिवा गाडी चालू असताना लागला, तर ‘पुढच्या चौकापर्यंत’ नाही, तिथेच कडेला घेऊन इंजिन बंद करायचं. तापमानाचा काटा चढला, टक अचानक ठक झाला, किंवा तापल्यावर थांबणारा आवाज थांबेनासा झाला, तरीही गाडी उचलूनच न्यायची. यातलं काही नसेल तर आठवडाभर वही लिहीत रोजचा प्रवास करायला हरकत दिसत नाही. पहिली दहा मिनिटं फक्त जोरात रेटू नका.

मिस्टरांचं ‘जुनी गाडी आवाज करणारच’ हे अर्धं खरं आहे. जुन्या गाडीला चार आवाज असतातच. पण तुम्ही तक्रार करताय ती आवाजाची नाही, बदललेल्या आवाजाची. चार महिन्यांपूर्वी तो नव्हता. रोज चालवणाऱ्याला हे कळतं, शेजारी बसणाऱ्याला कळत नाही. आता सगळेच आवाज ऐकू येतात, यावर उपाय म्हणजे गाडी तापलेली, शांत असताना आतून-बाहेरून एक रेकॉर्डिंग करून ठेवा. पुढे शंका आली की ते ऐका. नव्वद टक्के वेळा लक्षात येईल की ही किरकिर तेव्हाही होती, डॅशबोर्डची होती.

गाडी विकायची असेल तर जरूर विका, पण दुसऱ्या कुठल्या कारणासाठी. कारण सापडलं नाही म्हणून विकणं म्हणजे एका बोल्टाची किंमत गाडीच्या किमतीतून वजा करून घेणं होऊ शकतं. आणि गिऱ्हाईक यायच्या आधी फेरी मारून आणण्याबद्दल तुम्ही मला विचारलंत यातच तुमचं उत्तर आहे. करू नका. तुमच्यासारखीच कुणीतरी बाई ती घेईल आणि दुसऱ्या सकाळी तिच्या अंगणात तीच टकटक. विकायचीच तर गाडी थंड ठेवा, तिच्यासमोर सुरू करा, वही दाखवा. किंमत थोडी कमी येईल, फोन येणार नाहीत. जुनी गाडी घ्यायला निघालेल्या वाचकांनी दीरांचा सल्ला उलटा करून वापरावा. पोचल्यावर सगळ्यात आधी बोनेटवर हात ठेवा. गरम लागलं तर चहा नको, पाणी नको, ‘उद्या सकाळी येतो, तोवर सुरू करू नका’ म्हणून परत फिरा.

राहिलं गॅरेज. पहिल्याच मेकॅनिककडे जा असं मी सुचवेन. त्याला तुमची गाडी माहीत आहे आणि टॅपेट त्यानं नुकतेच पाहिलेत. काय झालंय असं विचारू नका. ‘काही बदलायच्या आधी ते कारण हेच आहे हे तुम्ही कसं तपासणार?’ असं विचारा. मॅनिफोल्डची फट धूर सोडून तपासता येते. पिस्टनचा संशय असेल तर थंड असतानाच एकेका सिलिंडरची ठिणगी क्षणभर बंद करून आवाज मऊ होतो का ते बघतात. हे मात्र त्यांनीच करायचं, तिथे विजेचा दाब मोठा असतो आणि न जळलेलं पेट्रोल जास्त वेळ गेलं तर कन्व्हर्टर खराब होतो. मग कॉम्प्रेशन. यातलं काहीच न करता कुणी इंजिन उतरवायला निघाला तर किल्ली परत घ्या.

आणि गाडी सकाळी घेऊन जाऊ नका, आदल्या संध्याकाळी नेऊन ठेवा. रात्रभर तिथेच थंड होऊ दे. एकच धोका आहे. सकाळी गॅरेज उघडणारा मुलगा जागा करण्यासाठी सगळ्यात आधी तुमचीच गाडी सुरू करून बाहेर काढेल, आणि मेकॅनिक येईपर्यंत ती पुन्हा गप्प. तेव्हा एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहून स्टिअरिंगला चिकटवून या : ‘सुरू करू नका. हलवायची असेल तर ढकला.’